आधी लेआउट की आधी बॉल? (टेनपिन बोलिंग)

नोव्हीकर

मंडळी, डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. मंगळवारच्या लीगमधलं हे माझं सहावं वर्ष. उजव्या हाताने टाकतो, बॉल 15 पौंडांचा, वेग बेताचा आणि रेव्ह (बॉलच्या दर मिनिटाच्या गिरक्या) वेगाच्या मानाने जास्त.

सहा वर्षांत चार बॉल घेतले. चारही वेळा क्रम एकच: बॉल आवडला, पैसे भरले आणि मग काउंटरवर "याला ड्रिल कसं करायचं?" हा प्रश्न. चारातला एकच हाताला बसला. त्याचा लेआउट, म्हणजे बॉलवर भोकं कुठे पाडायची याचा आराखडा, 50 × 4½ × 40. नव्यांसाठी सांगतो. बॉल हातातून सुटताना ज्या अक्षाभोवती फिरतो, त्या अक्षाचं बॉलवरचं टोक म्हणजे पीएपी. आतल्या गाभ्याचं, म्हणजे कोअरचं, डोकं कुठे आहे ते दाखवणारा रंगीत ठिपका म्हणजे पिन. मधला साडेचार हा या दोन बिंदूंमधलं अंतर, इंचांत. पहिला आकडा ड्रिलिंग अँगल, म्हणजे पिनपाशी मोजायचा कोन, तिसरा पिन-पीएपी रेषेचा पीएपीतून जाणाऱ्या उभ्या रेषेशी होणारा कोन. माझा पीएपी ग्रिपच्या (पकडीच्या भोकांच्या) मध्यापासून 5⅛ इंच उजवीकडे आणि ⅜ वर आहे.

माझं म्हणणं असं की आता हा लेआउट कायम ठेवायचा आणि पाचवा बॉल त्याला साजेसा शोधायचा. पीएपी, टिल्ट (फिरण्याच्या अक्षाचा कल), रेव्ह हे सगळं माझ्या हाताचं आहे आणि ते दर सहा महिन्यांनी बदलत नाही. बॉल आणि लेआउट दोन्ही एकदम बदलले, की लेनवर जे वेगळं दिसतं ते कशामुळे, हेच कळत नाही.

तिसऱ्या बॉलची गोष्ट सांगतो. दुकानदार म्हणाला, या कोअरचं सोनं करायचं तर पिन पीएपीपासून 3⅜ इंचांवर घ्या, फ्लेअर सगळ्यात जास्त मिळेल. मिळालाही. (फ्लेअर म्हणजे दर गिरकीला तेलाची कडी बॉलवर थोडी सरकत जाणं.) पण पहिल्याच संध्याकाळी बॉल लेनवरून जाताना टक्-टक्-टक् असा आवाज यायला लागला. परत आलेला बॉल उचलून पाहिला तर लेनवरच्या तेलाच्या कड्या पसरत पसरत थेट अंगठ्याच्या भोकावरून गेलेल्या! त्या वर्षी तो बॉल पिशवीतच राहिला. बॉल उत्तम होता. लेआउट माझ्या हाताचा नव्हता.

तुमचं मत काय?

फ्रेश_ऑइल

नोव्हीकर, तिसऱ्या बॉलचं दुःख समजतं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. आकडे तेच ठेवले म्हणजे लेआउट तोच राहिला, असं होत नाही.

तुमचा बसलेला बॉल असिमेट्रिक, म्हणजे असमान कोअरचा, असणार. त्यात पिनखेरीज मास बायसची (कोअर ज्या बाजूला जड, तिची) खूण असते आणि तो 50 चा कोन पिनपासून त्या खुणेकडे जाणाऱ्या रेषेने मोजतात. उद्या सिमेट्रिक घेतलात तर मास बायसच नाही. मग कोन मोजायचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीच्या खुणेकडे, आणि त्याचा बॉलच्या चालीवर जवळपास काही परिणाम नाही. तीनातला एक आकडा तिथेच पोकळ झाला.

दुसरं डिफरन्शियल, म्हणजे कोअर किती फ्लेअर देऊ शकतो याचं माप. यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बोलिंगच्या नियामक संस्थेच्या) नियमात त्याची कमाल मर्यादा 0.060 आहे. 0.052 च्या कोअरवर साडेचार इंच म्हणजे भरपूर फ्लेअर, बॉलला दर फेरीत कोरडा पृष्ठभाग मिळतो. 0.030 च्या कोअरवर त्याच साडेचारात कड्या एकमेकींना चिकटून बसतील. कागदावर एकच लेआउट, लेनवर दोन वेगळे प्राणी.

आणि मुख्य मुद्दा कव्हरचा, म्हणजे बॉलच्या बाहेरच्या थराचा. यूएसबीसीनेच बॉलच्या चालीचा मोठा अभ्यास केला होता, त्यात सगळ्यात वजनदार घटक निघाला कव्हरच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा. म्हणून आधी लेन बघा. तेल किती फुटांपर्यंत आहे, बाहेरच्या बोर्डांवर (लेनच्या फळ्यांवर) किती आहे, दुसऱ्या गेमनंतर किती उडतं. त्यावरून कव्हर, मग कोअर, लेआउट शेवटी. शेवटी याचा अर्थ बिनमहत्त्वाचा नव्हे, कपडा घेतल्यावरच शिंपी माप लावतो.

नोव्हीकर

पण शिंप्याकडे माझं माप आधीपासून वहीत असतंच की!

सिमेट्रिकचा मुद्दा मान्य, एकदम मान्य. पण तो माझ्याच बाजूचा आहे. 50 ला अर्थ हवा तर असिमेट्रिकच बघायचा, आणि सिमेट्रिक घ्यायचा तर उरलेले दोन आकडे धरायचे. डिफरन्शियलचंही तेच. साडेचार इंचांवर मला मध्यम फ्लेअर हवा, म्हणून 0.045 च्या खालचं कोअर बघणारच नाही. लेआउट ठरल्यामुळे यादीतले निम्मे बॉल आपोआप गळले. यालाच तर मी लेआउटला साजेसा बॉल म्हणतोय.

दोन_हाती

तुमच्या वादात माझ्यासारख्यांना जागाच नाही. मी अंगठा न घालता दोन हातांनी टाकतो. पूर्वी लोक अंगठ्याचं भोक नुसतंच ठेवत किंवा वजनासाठी जास्तीचं भोक पाडत. 1 ऑगस्ट 2020 पासून यूएसबीसीच्या स्पर्धांत हे जास्तीचं भोक, म्हणजे बॅलन्स होल, बंद झालं. अंगठा घालणार नसाल तर अंगठ्याचं भोकही चालत नाही. माझ्या बॉलला दोनच भोकं.

हे सांगायचं कारण असं की अंगठ्याचं भोकसुद्धा कोअरमधलं आणि आजूबाजूचं वजन काढतं. सिमेट्रिक बॉलही ड्रिल झाल्यावर थोडा असिमेट्रिक होतो, तो बराचसा त्या भोकामुळे. माझ्याकडे ते नाही. त्यामुळे अंगठेवाल्याच्या 50 × 4½ × 40 ची मी नक्कल केली तर हाती वेगळंच काही येतं.

माझा अनुभव: एकाच बॉलवर 2000 चं पॅड आणि 4000 चं पॅड (बॉल घासायचं; आकडा मोठा तितका पृष्ठभाग गुळगुळीत) यांत जो फरक दिसला, तेवढा कुठल्याच लेआउटने दिला नाही. पॅडला पाच मिनिटं लागतात. भोक बुजवून पुन्हा पाडायचं तर बॉल दुकानात ठेवून यावा लागतो.

कोथरूडची_अनघा

मी नोव्हीकरांच्या बाजूची, पण कारण अगदी वेगळं.

मी पुण्यात खेळते. माझ्या मापाने ड्रिल करून देणारं इथे मला कुणी मिळालं नाही. बॉल अमेरिकेतून भाचा आणतो. 14 पौंड म्हणजे साधारण 6.4 किलो, 23 किलोच्या बॅगेतले. शिवाय तो तिकडेच ड्रिल करून आणावा लागतो, माझा हात तिथे नसताना. म्हणजे माझा स्पॅन (अंगठ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर), बोटांची मापं, पीएपी आणि लेआउट हे सगळं आधी कागदावर पक्कं हवं. "बॉल बघू, मग ठरवू" ही सोय मला नाहीच.

पीएपी मी स्वतः काढला. बॉलवर पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा लावायचा, टाकायचा, मैत्रिणीने मोबाइलवर सावकाश चित्रण करायचं. टेप गोल फिरताना दिसली तर सरकवायची. अकराव्या फेकीला ती जागच्या जागी फिरली, डगमगली नाही. त्या दिवशीचा आनंद काय सांगू! तेव्हापासून तो आकडा डायरीच्या पहिल्या पानावर आहे.

फ्रेश_ऑइल, लेन बघून कव्हर घ्या हे बरोबर. पण मी जाते तिथे आज तेल घातलंय की परवाचंच आहे, याचाच भरवसा नसतो. बदलत्या लेनसाठी बॉल निवडू कसा? माझं स्थिर असं जे आहे, तिथूनच मला सुरुवात करावी लागते.

फ्रेश_ऑइल

अनघाताई, तुमच्या परिस्थितीत मीही तेच केलं असतं. पण भाच्याला एक गोष्ट जरूर सांगा, नुसत्या मॉडेलच्या नावावर बॉल उचलू नको. एकाच मॉडेलच्या दोन खोक्यांवर पिनचं (वजनाच्या मध्यापासूनचं) अंतर वेगळं असतं, एकावर 2 ते 3 इंच, दुसऱ्यावर 3 ते 4. टॉप वेट, म्हणजे वरच्या अर्ध्या भागाचं जादा वजन, तेही वेगळं. तुमचा लेआउट ठरलेला असल्यामुळे वजनाचा मध्य ग्रिपपासून किती लांब पडणार, हे त्यावरून ठरतं. पूर्वी एका बाजूला दुसरीहून 1 औंसच जास्त चालायचा, तेव्हा जादा झालं तर बॅलन्स होलने काढत. आता मर्यादा 3 औंसांची आहे, बहुतेक वेळा निभावतं, पण जास्तीचं भोक पाडून दुरुस्ती करायची वाट बंद झाली आहे.

नोव्हीकर, तुमच्याशी वाद मात्र कायम. लीगच्या लेनवर 40 फुटांपर्यंत तेल, मध्ये दाट, कडेला पातळ. तुमचे रेव्ह वेगाहून जास्त. म्हणजे तुम्हाला तेलाच्या टोकाला झटकन वळणारा बॉल नको, सावकाश वळणारा हवा. 40 चा तिसरा कोन थोडंफार ते काम करतो, म्हणून तो बॉल बसला. पण तुमची लीग दुसऱ्या सेंटरला गेली, तिथे तेलाचा पॅटर्न लांब निघाला, तर याच आकड्यांनी बॉल पॉकेटपर्यंत (समोर उभ्या पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधल्या जागेपर्यंत) पोचणार नाही. तेव्हाही लेआउट धरून बसणार?

नोव्हीकर

तेव्हा कव्हर बदलेन, जास्त खडबडीत घेईन. लेआउट तोच. दोन_हाती म्हणतात ते पॅडही वापरेन. पण एक गोष्ट तुमची घेतो: पिनचं अंतर आणि टॉप वेट खोक्यावर वाचल्याशिवाय पैसे भरणार नाही. सहा वर्षांत मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दुकानात जातोय. बसलेला बॉल बरोबर नेतो, मंगळवारचं तेल न पुसता, म्हणजे कड्या कुठून कुठे गेल्यात ते दुकानदाराला स्वतः मोजता येईल.