अनुभव धागा: गावची नशा, गावची जमीन आणि मुंबईत बसलेले आपण

खोलीकर
गेल्या रविवारी लालबागमधील आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत सभा झाली. विषय दोनच होते: वाडीच्या सामायिक वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीला आलेले गिऱ्हाईक आणि गावात एमडी या अमली पदार्थाच्या नादी लागलेली काही मुले. दुसरा विषय निघाल्यावर एका वडीलधाऱ्यांनी कपाटातून गिरण्या चालू असतानाची दंडाची वही काढली. तिच्या एकाच पानावर शिमग्यात पालखीपुढे पिऊन आल्याचा दंड लिहिला होता आणि खालच्या ओळीत देवराईतले लाकूड तोडल्याचा. वडिलांच्या शेजारी बसून असे निवाडे ऐकल्याचे एकदम आठवले. कोण पितो आणि कोण तोडतो, यावर नजर ठेवणारी माणसे तेव्हा एकच होती. १९८२ च्या संपानंतर मंडळाची वर्गणी आटली, गावी परतलेल्यांपैकी काहीजण गुत्त्यावर बसू लागले, आणि देवराईकडे कोणी फिरकेनासे झाले. म्हणून मला हे दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत. आपापल्या गावचे अनुभव लिहावेत, ही विनंती.

माणगावची माहेरवाशीण
दादा, त्या वहीचे कौतुक जरा बेतानेच करावे. आमच्याकडे गावकीने (गावच्या पंचांनी) ठोठावलेला दंड पिणाऱ्याने कधी भरला नाही. आजीने कणगीतले भात विकून तो भरला, आणि आजोबा दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायले. रायगडात याच गावकीने कित्येक कुटुंबांना वाळीत टाकले आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. देवराई राखली गेली हे मान्य, पण त्या धाकाची किंमत कोणत्या घरांनी मोजली, तेही लिहिले पाहिजे.

खोलीकर
ताई, आपला मुद्दा रास्त आहे. वही घरी आणून पुन्हा चाळली. तीत एकाही बाईचे नाव नाही, दंड भरणारी म्हणूनसुद्धा नाही.

घणसोली मुक्कामी
आम्ही मूळचे साताऱ्याचे, वडील माथाडी. गावात बाटली आडवी करण्यासाठी, म्हणजे दारूचे दुकान बंद करण्यासाठी, मतदान लागले, तेव्हा खरी अडचण दारूवाल्याची नव्हती, आमची होती. दुकान बंद व्हायला गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींची मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. घणसोली-कोपरखैरण्यात राहणाऱ्या, पण नाव गावच्या यादीत असलेल्या बायका आल्या नाहीत, तर त्यांचे न येणे दुकानाच्याच पथ्यावर पडते. चुलतीने घरोघर फिरून बायका गोळा केल्या, दोन जीपा भरल्या आणि बाटली आडवी झाली. पुढे तीच दारू गायरानातल्या एका झोपडीतून विकली जाऊ लागली. ज्या गायरानात गुरे चरायची तिथे आता फुटक्या बाटल्यांच्या काचा आहेत, आणि तिथल्या अतिक्रमणाविषयी ग्रामसभेत बोलायला कोणी उठत नाही, कारण झोपडीवाला प्रत्येकाचा कोणी ना कोणी लागतो.

तापीकाठ
शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तुरीच्या आणि कापसाच्या ओळींत गांजा लावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पिकाच्या आड उभी असलेली झाडे बांधावरून दिसत नाहीत. पकडला जातो तो बहुधा राखणदार आदिवासी. पैसे पुरवणारा शहरातच असतो. मुंबईत राहून शेत बटाईने देणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी: १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत अशी लागवड झाल्याचे कळताच पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्यांना कळवणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे, आणि जाणूनबुजून न कळवणे हा गुन्हा आहे. सातबारा आपल्या नावावर असणे म्हणजे केवळ आंब्याची पेटी घरपोच येणे नव्हे.

वैनगंगेची
गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी चोरटी दारू येते, आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) तर शाळकरी मुलांच्या तोंडातही असतो. पण मोहाला केवळ दारूचे झाड म्हणून कोणी नावे ठेवली की मला राग येतो. फुले वाळवून खातात, विकतात, टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल काढतात. शेतातला मोह म्हणूनच कोणी तोडत नाही. खरे नुकसान निराळेच आहे. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि वाऱ्याने ती आग जंगलात शिरते. जाळी अंथरून फुले गोळा करणे आता काही गावांत सुरू झाले आहे. (डोंबिवलीला गर्दीत उभ्याने लिहिते आहे, चुका समजून घ्याव्यात.)

सडेवाला
धाकट्या भावाविषयी लिहितो. दादरला नोकरी, मग पिणे, मग नोकरी नाही, असा त्याचा क्रम झाला. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतल्यावर त्याला मुंबईत ठेवायचे नाही, असे घरात ठरले. मी मात्र धास्तावलो होतो, कारण गावातला रिकामा वेळ शहरातल्यापेक्षा वाईट. राजापूरजवळ आमची काजूची बाग आहे. गवत वाळले की तिच्याभोवती जाळरेषा काढावी लागते: कडेचे गवत कापायचे, पाला खराट्याने आत ओढायचा आणि चार हात रुंदीची पट्टी तांबडी माती दिसेपर्यंत साफ करायची. हे काम एका दिवसाचे नसते, वाऱ्याने पाला पुन्हा येतो. भाऊ ते रोज करतो. कामाने व्यसन सुटले, असे मी म्हणणार नाही. तो अजूनही एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या) सभेला तालुक्याला जातो आणि मध्ये एकदा घसरलाही होता. मात्र वणव्याच्या दिवसांत शेजारचे लोक त्याला हाक मारतात, आणि पूर्वी हेच लोक त्याला पाहून दार लावून घेत असत.

माणगावची माहेरवाशीण
भावाला माझा नमस्कार सांगा. आमच्या वरकसात काजू लावायचा विचार आहे. कलमे कोणती घ्यावीत?

सडेवाला
ताई, वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ घ्यावीत, शक्यतो कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून. पाऊस लागला की लगेच लावावीत. पण आधी भाऊबंदांची संमती लेखी घ्या. सामायिक सातबाऱ्यावर झाडे एकाने लावली की काजू धरायच्या वेळी मुंबईचे सगळेच वाटेकरी गावी येतात.

खोलीकर
आमच्या वरकसाचेही तेच होणार, असे दिसते. विक्रीचा निर्णय पुढच्या सभेवर ढकलला आहे.