पार्किंगमधलं सामान आणि रविवारचा भंगारवाला
(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सोसायटीचा ग्रुप)

संदीप (बी-३०२): बेसमेंटात परत तोच बंब आडवा. गाडीच्या आरशावर ओरखडा आलाय, फोटो टाकलाय. कुणाचा ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही.

मालूकाकू (ए-१०१): नाव घ्यायला कसली भीती? माझा हाय. सासूबाईंचा, तांब्याचा. बंब जागेवरच हाय, तुमची गाडी त्याच्या अंगावर गेली.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती. रविवारी सकाळी १० वा. भंगारवाला येणार. ज्याचे सामान त्याने शनिवारपर्यंत उचलावे. उरलेले सोसायटी देऊन टाकेल. सहकार्य अपेक्षित 🙏

डॉ. मॅडम (ए-२०३): बंब राहू दे, आधी ते टायर काढा. त्यात पाणी साठलंय. आठ-दहा दिवसांत डेंगीचे डास तयार होतात. २०२४ ला सरकारनं डेंगीला साथरोग जाहीर केलंय. शहरात घरमालकाला ४०० रुपये दंड आहे.

दीपक (बी-१०३): ४०० रुपयात पार्किंगला एवढी जागा? मी दर महिन्याला भरतो की 😂

डॉ. मॅडम (ए-२०३): टायर तुमचेच आहेत, दीपक.

पल्लवी (बी-२०१): आम्ही लॉकडाऊनपासून एकच नियम ठेवलाय. वर्षभर वापरलं नाही ते काढायचं. घर मोकळं, डोकं मोकळं.

मालूकाकू (ए-१०१): कोरोनात दोन वर्षं मी पैठणी नेसले न्हाई. ती पण देऊ काय ग?

संदीप (बी-३०२): विषय बंबाचा आहे.

आण्णा (ए-००२): माझी लाकडी पेटी कोपऱ्यात हाय ती पण भंगार काय? वडगावच्या घरात २०१९ च्या ऑगस्टात पाणी शिरलं. दोन माग भिजले, लावलेलं सूत गेलं. माग वजनावर विकले, मी स्वतः उभा राहून. पेटीत धोटे, फणी आणि जकार्डची कार्डं हायत. ती वजनावर जाणार न्हाईत.

संदीप (बी-३०२): आण्णा, तुमच्या पेटीबद्दल कोण काय बोललं? मी बंबाबद्दल बोललो.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती. रविवारी सकाळी १० वा. भंगारवाला येणार. ज्याचे सामान त्याने शनिवारपर्यंत उचलावे.

शोभाताई (बी-१०४): खाट आणि टेबल आमचं आहे. आत्ताच काढा म्हणू नका. बेंगळूरला चिरंजीवांच्या टीममधले चौघे गेल्या महिन्यात घरी बसले. उद्या हा पण बॅग घेऊन दारात उभा राहिला तर निजायला खाट नको काय?

पल्लवी (बी-२०१): सॉरी ताई, माहीत नव्हतं.

शोभाताई (बी-१०४): सॉरी कशाला. तुमचं डोकं मोकळं आहे म्हणून विचारलं.

देसाई सर (ए-३०१): माझ्या दोन ट्रंका आहेत. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनातली वडिलांची टिपणं त्यात आहेत. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेव्हा ते मंडपात होते.

डॉ. मॅडम (ए-२०३): सर, वाळवी लागायच्या आत सार्वजनिक वाचनालयाला विचारून बघा. १८४८ पासूनची संस्था आहे, नीट सांभाळतील.

देसाई सर (ए-३०१): टिपणं देईन. सीमादाव्याची कात्रणं मात्र माझ्याकडेच राहतील. २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे, निकाल लागेपर्यंत हलवणार नाही.

दीपक (बी-१०३): मग सर, पार्किंग नावावरच करून घ्या 😂

हिरेमठ अंकल (बी-२०४): नमस्कार सर. मराठी चुकले तर समजून घ्या. निकाल काय पण लागू दे, ट्रंक माझे स्कूटरच्या मागे आहे. थोडा सरकवा प्लीज. आणि तिथे दगडी रुब्बुगुंडू आहे, म्हणजे वाटायचा रगडा, आमचे आईचे. ते कोणी फेकू नये.

देसाई सर (ए-३०१): हिरेमठ, संध्याकाळी दोघं मिळून सरकवू. एकट्याला उचलत नाही आता.

मालूकाकू (ए-१०१): रुब्बुगुंडू चालतं, बंब न्हाई चालत. बरं हाय.

संदीप (बी-३०२): काकू, दगड भिंतीला लागून आहे. बंब वाटेत आहे!! आरशाचे पैसे कोण देणार?

सेक्रेटरी: रविवारी सकाळी १० वा. भंगारवाला येणार. तसेच रद्दी देताना कागद उलटून पाहा. ई-खात्यासाठी (घराच्या ऑनलाइन नोंदीसाठी) मागच्या वेळी दोघांची खरेदीखते रद्दीतूनच शोधावी लागली.

दीपक (बी-१०३): दोघं कोण ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही.

हिरेमठ अंकल (बी-२०४): शोभाताई, आमचे मुलीला यंदा एसएसएलसी, म्हणजे दहावी आहे. टेबल उसना देता काय? तुमचा मुलगा आला तर त्याच दिवशी परत.

शोभाताई (बी-१०४): न्या की. ड्रॉवर अडकतो, खालून ढकलायचा. खाट तेवढी राहू दे.

संदीप (बी-३०२): म्हणजे एवढ्या चर्चेनंतर एक टेबल हललं. ते पण पहिल्या मजल्यावरून... सॉरी, पार्किंगमधून दुसऱ्या मजल्यावर.

डॉ. मॅडम (ए-२०३): दीपक, टायर?

दीपक (बी-१०३): काढतो मॅडम. एक ठेवू काय, झोपाळ्याला?

डॉ. मॅडम (ए-२०३): नाही.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती. रविवारी सकाळी १० वा. भंगारवाला

मालूकाकू (ए-१०१): कळलं हो, किती वेळा तेच. त्याला एवढं विचारा, बंबाचा नळ गळतोय, डाग देणारा कोण त्याच्या ओळखीचा असला तर सोबत घेऊन ये म्हणावं.