विषय: पोर्चवरचे जोरो कोळी आणि फवारणी

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत, जॉर्जियातल्या सुवानी, कमिंग भागात पोर्चवर आणि डेकवर पिवळ्या-निळ्या मोठ्या जोरो कोळ्यांची जाळी लागली आहेत. दिवाळी तोंडावर आली, आणि आकाशकंदिलाची जागा नेमकी तीच. आमच्या गल्लीत सगळ्यांनी मिळून पेस्ट कंट्रोलकडून बाहेरून फवारणी करून घ्यायचं चाललंय. जाणकारांनी त्याआधी सांगावं. लहान मुलांना चावला तर काय, हेही.

– सुवानीहून

*

ताई, फवारणी करू नका, पैसे वाया जातील. घराभोवती मारलेलं औषध भिंतीवर आणि पायाशी बसतं. त्यावरून चालणारे किडे मरतात, पण जोरो जाळ्यात अधांतरी बसतो, भिंतीला क्वचितच पाय लावतो. थेट अंगावर मारलं तर मरेल, पण तेच औषध फुलांवर उडालं की मधमाश्याही मरतात.

झाडूने काम होतं. जळमटं काढायचा लांब दांड्याचा ब्रश घ्या, हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. नुसतं जाळं मोडलंत तर मादी ते पुन्हा विणते, म्हणून तिलाही हलवायला हवं. वरच्या टोकाच्या आधाराच्या तारांपासून सुरुवात करा आणि जाळं ब्रशवर गुंडाळत खाली या. तारा सोनेरी, चिवट असतात, मध्येच ओढल्या तर अंगावर येतात. मादी ब्रशला चिकटली की दूर झाडीत नेऊन झटका, किंवा बादलीत चार लिटर पाणी आणि दोन-तीन चमचे भांड्यांचा साबण घालून त्यात बुडवा. साबणाशिवाय ती पाण्यावर तरंगत राहते.

पोर्चचा पांढरा दिवा रात्रभर जळतो, त्यावर किडे येतात, आणि किड्यांमागे कोळी. पिवळा एलईडी लावा, कंदीलही झोपताना बंद करा.

चावण्याचं म्हणाल तर हा कोळी बुजरा आहे. हाताने दाबला तरच चावतो, आणि दात लहान असल्याने बहुतेकदा कातडीत शिरतही नाहीत. शिरलेच तर साबणाने धुवा, बर्फ लावा. ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. सह्याद्रीत पावसाळ्यात रानवाटांवर दिसणारा जायंट वूड स्पायडर याच्या नात्यातलाच.

आणि आकाशातून हाताएवढे कोळी उतरतात हे व्हॉट्सॲपवरचं खोटं आहे. धाग्यावर तरंगत जातात ती वसंतातली इवलीशी पिल्लं.

– अल्फारेटाहून

*

काकांचं फवारणीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण झाडीत नेऊन सोडू नका. हा जपान-कोरिया-चीनकडचा कोळी २०१४च्या सुमारास आय-८५ महामार्गालगत होश्टन, ब्रॅसल्टन या जॉर्जियातल्या गावांकडे सापडला, आणि आता टेनेसी, कॅरोलिनापर्यंत पोचला आहे. जिथे तो दाटीने आहे तिथे इथले जाळी विणणारे कोळी कमी आढळतात. आपल्याला त्याचा त्रास नसला तरी त्यांना आहे.

म्हणूनच मारण्याआधी ओळख पटवा. जोरोच्या मादीची पाठ पिवळी, त्यावर निळसर हिरवे पट्टे, पोटाखाली लाल डाग, आणि पाय काळे-पिवळे. इथला बागेतला कोळी काळा-पिवळा असतो, आणि त्याच्या जाळ्याच्या मध्यावर पांढरी नागमोडी शिवण दिसते. शिवण दिसली तर हात लावू नका, तो आपला आहे. इथल्याच दुसऱ्या, गोल्डन सिल्क स्पायडर नावाच्या कोळ्याच्या पायांवर केसांचे झुपके असतात, जोरोच्या नसतात. जोरोच्या जाळ्यात कडेला दिसणारे तपकिरी, बारके कोळी म्हणजे त्याचेच नर.

खरं काम दिवाळीनंतर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मादी अंडी घालते आणि थंडीत मरते, अंडी मात्र हिवाळा काढतात. एका पुडीत चारशे-पाचशे अंडी! सालीवर, पानाखाली, पागोळीखाली, कुंपणाच्या फळीमागे पांढरट रेशमाची पुडी दिसते, वर बहुधा पाल्याचा कचरा चिकटलेला. पातळ पात्याने खरवडून साबणाच्या पाण्यात टाका. जमिनीवर पाडलीत तर एप्रिल-मेमध्ये तिथूनच पिल्लं निघतील. पानं गळल्यावर शोधणं सोपं जातं, तेव्हा डिसेंबर ते मार्चमध्ये घराभोवती दोनदा फेरी मारा.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत गाडीने बाहेर जाणाऱ्यांनी गाडीवरचा सायकलचा स्टँड, बंपरखालची बाजू, तंबू आणि भेट द्यायच्या तुळशीच्या कुंडीचा तळ तपासून निघावं, नाहीतर चिकटलेली पुडी सोबत जाईल. जळाऊ लाकूड इथून नेऊ नका, तिकडेच घ्या.

– कमिंगहून