मदत हवी आहे: पाणी बदललं की डिस्कस मासे काळवंडतात, दोघांनी खाणं सोडलंय

जलपर्णी

टाकी १२० × ४५ × ४५ सेंमी, वाळू-लाकूड वजा जाता पाणी साधारण २१० लिटर. डिस्कस ८ आहेत. ६ जुने, १२-१३ सेंमीचे. २ तीन आठवड्यांपूर्वी आणलेले, ९ सेंमीचे, थेट टाकीत सोडलेले. सोबत १५ कार्डिनल टेट्रा. कॅनिस्टर फिल्टर, त्याची परतीची नळी पाण्याखाली. वेगळा एअर पंप नाही. २०० वॅटचा एक हीटर, २८ अंश. तळाला ४ सेंमी वाळू.

दर रविवारी ३० टक्के पाणी बदलते. थेट नळाचं, क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट घालून. खाणं दिवसातून तीनदा: ग्रॅन्यूल, फ्रोझन ब्लडवर्म आणि कोळंबीचा खिमा.

त्रास असा: पाणी बदलल्यावर लगेच काही होत नाही, पण दोन-तीन तासांनी सगळे काळे पडतात, पर मिटून मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरे होतात. गेल्या रविवारनंतर मात्र दोघे सावरलेच नाहीत. एक जुना, एक नवा. पाच दिवस खाणं बंद, शी पांढरी आणि दोऱ्यासारखी लांब. नवा मासा एकाच बाजूच्या कल्ल्याने श्वास घेतो, दुसरं झाकण बंदच असतं.

आजचं मोजमाप (थेंबांचं किट): पीएच ६.४, अमोनिया ०.५, नायट्राइट ०, नायट्रेट ४०. केएच, म्हणजे पीएच धरून ठेवणारा पाण्यातला कार्बोनेटचा कडकपणा, मोजलेला नाही.

मेट्रोनिडाझोल सुरू करू का, आणि किती? शिवाय ‘रोज अर्धं पाणी बदला’ असं सगळीकडे वाचते. पण इथे पाणी बदललं की बिघडतंय, मग काय करायचं?

कॅनिस्टर

पांढरी शी म्हणजे हेक्झामिटा, आतड्यातला परजीवी. तापमान ३२ वर न्या, मेट्रोनिडाझोल टाका, रोज ५० टक्के पाणी बदला. डिस्कसच्या निम्म्या तक्रारी पाणी बदलून मिटतात.

पाणवठा

@कॅनिस्टर, एरवी हेच सांगितलं असतं, पण या टाकीत आज ५० टक्के नळाचं पाणी ओतलं तर उद्या दोनाचे पाच आजारी होतील.

@जलपर्णी, ‘दोन-तीन तासांनी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. क्लोरीन राहून गेलं असतं तर मासे काही मिनिटांत उसळले असते, धापा टाकल्या असत्या. तासांनी त्रास होतो म्हणजे पाण्यात काहीतरी सावकाश बदलतंय. औषधाआधी एवढं करा: बादलीभर नळाचं पाणी घेऊन लगेच पीएच मोजा, मग त्यात एअर स्टोन सोडून २४ तासांनी परत मोजा. नळाचा आणि टाकीचा केएच मोजा. नळाच्या पाण्यात थायोसल्फेट घालून अमोनियाही तपासा. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन असेल तर थायोसल्फेट त्यातलं क्लोरीन संपवतं आणि अमोनिया मागे ठेवतं.

तोवर खाणं निम्म्याहून कमी करा. पाणी बदलू नका.

जलपर्णी

केलं. नळाचं ताजं पाणी पीएच ६.९, २४ तासांनी ७.८. नळाचा केएच ५, टाकीचा १. नळाच्या पाण्यात अमोनिया नाही.

ताजं पाणी ६.९ आणि टाकी ६.४, फरक फार नाही म्हणून आजवर थेट ओतत आले.

पाणवठा

फसवणूक तिथेच आहे. नळाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो पीएच दाबून ठेवतो. टाकीत आल्यावर तो हळूहळू उडतो आणि पीएच वर सरकतो. तुम्ही ६.९ चं पाणी घालत नाही, ७.८ चं घालता. फक्त ते स्वतःचा खरा आकडा दोन-तीन तासांनी दाखवतं.

आता टाकीकडे. २१० लिटरमध्ये ८ डिस्कस म्हणजे दर माशामागे २६ लिटर. पूर्ण वाढलेल्या डिस्कसला निदान ४० लिटर धरतात. तीनदा खाणं, त्यात खिमा, वर ४ सेंमी वाळूत अडकणारा चोथा. यातून बनणारा अमोनिया जिवाणू नायट्रेटपर्यंत नेतात आणि त्यात केएच खर्च होतो. ४० पीपीएम नायट्रेट तयार होताना साडेतीनच्या वर केएच खाल्ला जातो. ५ मधून तेवढा गेला की जेमतेम १ उरतो, म्हणजे तुमचे आकडे एकमेकांशी जुळतात. केएच संपत आला की पीएच घसरतो, आणि ६.५ च्या खाली ते जिवाणूच मंदावतात. म्हणून जुन्या, चालत्या फिल्टरच्या टाकीत ०.५ अमोनिया दिसतोय.

६.४ ला हा अमोनिया बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, माशांना फारसा बाधत नाही. पण पीएच एका अंकाने चढला की विषारी रूप साधारण दहापट होतं. रविवारी नेमकं हेच घडतं. डिस्कस ७.८ पीएचला मरत नाहीत. टाकीत पैदास झालेले डिस्कस अशा स्थिर पाण्यात नीट राहतात. पीएचचा चढ मासा एकवेळ सोसतो, अमोनिया साठलेल्या पाण्यातला चढ सोसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी अमोनिया बांधणारं वॉटर कंडिशनर पूर्ण २१० लिटरच्या हिशोबाने. नुसतं थायोसल्फेट नाही, ते अमोनिया बांधत नाही. किटवर आकडा तसाच दिसेल, कारण ही किटं बांधलेला अमोनियाही मोजतात. घाबरून दुप्पट घालू नका. मग मोठ्या पिंपात नळाचं पाणी कंडिशनर, एअर स्टोन आणि हीटर लावून २४ तास शिळं करा. त्यातलं २० लिटर रोज, म्हणजे १० टक्के, अर्ध्या तासात हळूहळू सोडा. केएच रोज ०.४ च्या आसपास चढेल आणि पाच दिवसांत अडीचजवळ येईल. अमोनिया शून्य दिसला की २० टक्के, मग ४० टक्के. त्यानंतर @कॅनिस्टर म्हणतात ती मोठी बदली बिनधास्त करा, शिळ्या पाण्याने.

खायचा सोडा घालायचा मोह होईल. १०० लिटरला ३ ग्रॅमने केएच १ अंश वाढतो, हिशोब सोपा आहे. पण अमोनिया असताना सोडा ओतणं म्हणजे रविवारचाच प्रकार चमच्याने करणं.

कॅनिस्टर फिल्टर उघडा. स्पंज आणि फ्लॉस काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळा, नळाखाली नाही. सिरॅमिक रिंग या आठवड्यात धुवू नका. वाळू रोज एक चतुर्थांश भागातच सायफन करा, एकदम ढवळली तर खालची घाण वर येईल.

तळपाणी

पाण्याचं वरचं सगळं पटलं. आता दोन आजारी माशांबद्दल.

पांढरी शी दिसली की हेक्झामिटा असा शिक्का मारू नका. पाच दिवस उपाशी माशाची शी पांढरीच येते, ती रिकाम्या आतड्यातली चिकट लाळ असते. मासा समोरून बघा, बाजूने नाही. डोळ्यांच्या वरचं कपाळ भरलेलं असेल तर तीन-चार दिवस पाणी सुधारून वाट बघता येते. कपाळ आत बसलं असेल, डोक्याच्या मागची कड सुरीसारखी दिसत असेल तर थांबू नका.

औषध मोठ्या टाकीत नको. ६० लिटरची वेगळी टाकी घ्या. तळ मोकळा, स्पंज फिल्टर, १०० वॅटचा हीटर, लाईट बंद. कॅनिस्टरमधल्या मूठभर रिंग जाळीच्या पिशवीत घालून स्पंजशेजारी टांगा. पाणी अर्धं टाकीचं, अर्धं शिळं, त्यात कंडिशनर. कार्बन असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो.

मेट्रोनिडाझोल लिटरला साधारण ६-७ मिग्रॅ, म्हणजे ६० लिटरला ४०० मिग्रॅची एक गोळी. बारीक कुटून कपभर कोमट पाण्यात ढवळा, थोडा गाळ राहतो, तोही ओता. रोज अर्धं पाणी बदलायचं आणि पुन्हा पूर्ण मात्रा, ८ ते १० दिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासा खायला लागला म्हणून मध्येच सोडू नका, अर्धवट उपचारानंतर तेच दुखणं परत येतं.

तापमान ३०, दिवसाला एक अंश चढवत. ३२ नको. ऊन पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, आणि तुमचा एक मासा आधीच एका कल्ल्यावर चाललाय.

त्या एका कल्ल्याचं लक्षण फ्लूकचं, म्हणजे कल्ल्यावरच्या परजीवी कृमींचं वाटतं, अंग घासत असेल तर जास्तच. त्यावर प्राझिक्वांटेल, लिटरला २ मिग्रॅ. ६० लिटरला १२० मिग्रॅ, म्हणजे ६०० मिग्रॅच्या गोळीचा पाचवा भाग. अंदाजाने तोडू नका, चूर्ण करून वजन करा. फ्लूकच्या अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून ५ ते ७ दिवसांनी दुसरी मात्रा लागतेच. मेट्रोनिडाझोल संपल्यावर हे सुरू करा. दोन्ही एकदम दिलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. श्वास फार जोरात असेल तर मात्र क्रम उलटा, आधी प्राझिक्वांटेल.

कॅनिस्टर

केएच १ आहे हे आधी माहीत असतं तर ५० टक्के म्हटलं नसतं. ३२ चा मुद्दाही मागे घेतो, एअर पंप नाही हे वाचायचं राहिलं.

परतीची नळी पृष्ठभागाजवळ आणा, पाणी हललं पाहिजे.

पाणवठा

आणा, पण कंडिशनर घातल्यानंतर आणि थोडी थोडी. पृष्ठभाग एकदम ढवळला की टाकीतलाही कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पाणी न बदलता पीएच चढतो.

जलपर्णी

आजारी जोडी वेगळी केली. जुन्याचं कपाळ बसलंय, म्हणून मेट्रोनिडाझोल आजपासून. नव्याचा श्वास संथ आहे.

दोन शंका. उरलेल्यांपैकी तिघे पिजन ब्लड या रंगप्रकाराचे आहेत. त्यांच्या अंगावर उभे पट्टे येत नाहीत, मग ताण कसा ओळखू? आणि आरओचं पाणी वापरलं तर हा पीएचचा घोळच संपेल का?

तळपाणी

पिजन ब्लडमध्ये पट्ट्यांऐवजी काळे ठिपके बघा. शेपटीच्या मुळाशी आणि परांच्या कडांना मिरपूड भुरभुरल्यासारखे दाट होतात. पण गडद वाळू किंवा काळा पडदा असेल तरी ते वाढतात, म्हणून एकट्या ठिपक्यांवर जाऊ नका. मिटलेले पर, आणि खाणं तोंडात घेऊन परत थुंकणं, ही खूण लवकर दिसते. खाणं टाकल्यावर पहिली दोन मिनिटं टाकीसमोर उभ्या राहा. कोण सगळ्यात शेवटी येतो ते रोज लिहून ठेवा.

बाकीच्या सहांपैकी कुणाची शी पांढरी झाली आणि तो खात असेल तर औषध खाण्यातून द्या: ४० ग्रॅम खिम्यात ४०० मिग्रॅची एक गोळी, थोडं जिलेटिन, दिवसातून एकदा. खाणाऱ्या माशाला पाण्यापेक्षा पोटातून दिलेलं जास्त लागू पडतं.

पाणवठा

नुसतं आरओ नको. त्यात केएच शून्य, आणि तुमची अडचण केएच संपण्याचीच आहे. पैदास करायची असेल, अंडी फळत नसतील, तेव्हा आरओ मिसळून पाणी मऊ करतात. पाळायला नळाचं शिळं पाणी पुरे.

दोघे बरे झाले तरी २१० लिटरमध्ये आठ परत ठेवू नका. पाच, फार तर सहा. दोन-तीनच ठेवले तर मोठा मासा एकाला कोपऱ्यात कोंडतो, पाच-सहा असले की मार विभागला जातो. पुढचा नवा मासा त्याच ६० लिटरच्या टाकीत ४ ते ६ आठवडे वेगळा.

जलपर्णी

तिसरा दिवस. मोठी टाकी: पीएच ६.७, केएच २, अमोनिया ०.२५. आज २० लिटर सोडल्यावर चार तास बघितलं, सहाही जणांचा रंग तसाच आहे. औषधाच्या टाकीत जुन्याने दोन ब्लडवर्म घेतले, एक थुंकला. नवा अजून काही खात नाही.

तळपाणी

थुंकलेला तुकडा दहा मिनिटांत सायफनने काढा. ६० लिटरमध्ये एवढंसंही पाणी बिघडवायला पुरतं. रोजचं अर्धं पाणी काढण्याआधी हीटरचं बटण बंद करा आणि भरल्यावर दहा मिनिटांनी चालू करा, उघडी पडलेली तापलेली काच गार पाणी लागलं की तडकते.

नव्याचा कल्ला उद्या परत बघा. श्वास मिनिटाला किती ते मोजून लिहा, आणि झाकण बंद आहे ती बाजू तीच आहे का, तेही.