तोंडी काही ठरवू नका, आणि विम्याचं आधी बघा

ताई, तुमच्या आधीच्या नवऱ्याचा अमेरिकेतला जॉब गेला, लेकाचा विमाही गेला आणि आता चाइल्ड सपोर्ट (लेकाच्या खर्चाचे कोर्टाने ठरवलेले पैसे) अर्धाच देतो म्हणतात. वर कमेंटमध्ये बरेच जण 'समजून घ्या' म्हणतायत. घ्या की, पण कोर्टातून. तिथल्या कायद्यातल्या 1986च्या ब्रॅडली दुरुस्तीनंतर चाइल्ड सपोर्टचा थकलेला हप्ता न्यायाधीशालाही मागाहून माफ करता येत नाही. रक्कम कमी झालीच तर फार फार तर त्यांनी कोर्टात केलेल्या अर्जाची नोटीस तुम्हाला पोचली त्या तारखेपासून. अर्ज लांबवण्यात तोटा त्यांचाच. एवढं कानावर घाला, उद्याच धावत जातील! बेकारभत्त्यातूनही हे पैसे कापले जातात.

खरी घाई विम्याची. तुमच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये मुलाला घालायला अनेकदा 30च दिवस मिळतात. एचआरला आजच मेल टाका, जुना विमा संपल्याचं पत्र जोडा. त्यावरची तारीख बघतात. तुमचा प्लॅनच नसेल तर कोब्रा, म्हणजे नोकरी गेल्यावर जुन्या कंपनीचाच विमा स्वतः पैसे भरून चालू ठेवायची सोय, एकट्या मुलापुरताही घेता येतो. निवडायला 60 दिवस, आणि लागू मागच्या तारखेपासून. हप्ता मात्र डोळे पांढरे करतो, कंपनीचा वाटाही आपल्याच खिशातून. उत्पन्न बेताचं असेल तर मुलांसाठीची सरकारी चिप योजना आधी बघा, तिथे वर्षभर अर्ज घेतात.