मदत हवी आहे: लाकडावर लावलेली विनाइलची अक्षरं ट्रान्सफर टेपबरोबरच परत येतात

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी,

लाकडी पाट्या, चौकटी, किल्ल्या अडकवायच्या फळ्या असलं काहीबाही करायचा मला नाद आहे. अक्षरं आजवर ब्रशने रंगवायचे. आता घरी कटिंग मशीन आलंय, म्हणून विनाइलकडे, म्हणजे मागे गोंद असलेल्या पातळ प्लास्टिकच्या शीटकडे वळले. काचेवर आणि प्लास्टिकवर अक्षरं झकास बसतात, लाकडावर मात्र रोज नवं भांडण.

सध्या तीन फळ्या हाताशी आहेत. पहिलीला चॉक पेंट (खडूसारखा मॅट दिसणारा रंग) आणि त्यावर मेणाचा हात दिलाय. तिच्यावरून ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं कागदावरून उचलून फळीवर बसवायची चिकट टेप) उचलली की निम्मी अक्षरं टेपबरोबर परत. दुसरी प्लायची, नुसती घासलेली, वर रंग नाही की पॉलिश नाही. तिच्यावर अक्षरं बसतात, पण दुसऱ्या दिवशी वेलांट्यांची टोकं आणि अनुस्वार उचललेले दिसतात. तिसरीला ॲक्रिलिक रंग आहे, अगदी मॅट. तिचं वागणं या दोघींच्या मधलं. विनाइल तिन्हींवर एकच आहे: परमनंट, काळं, चकचकीत. टेप पारदर्शक, चौकटी छापलेली.

शिवाय काही शब्दांत मशीन दोन अक्षरांच्या मधे शिरोरेषाच कापून टाकतं, मग शब्दाचे तुकडे होतात.

टेप बदलू का? विनाइल लावण्याआधी लाकडाला काय द्यायचं? आणि अक्षरं लावून झाल्यावर वरून वॉर्निश मारायचं की नाही? यूट्यूबवर जितके व्हिडिओ तितकी मतं.

रिकामटेकडा

फेविक्विक आहे की.

(गंमत हो. मलाही उत्तर हवंय, म्हणून हजेरी लावून ठेवतो.)

पाटीकार

ताई, टेपला दोष देऊ नका. विनाइलच्या गोंदाची गाठ पडते ती लाकडावरच्या सगळ्यात वरच्या थराशी. खाली सागवान असो नाहीतर प्लाय, त्याला फरक पडत नाही. वर मेण असेल तर अक्षर मेणाला चिकटणार, आणि मेणावर काही धड चिकटत नाही.

मी पाट्यांच्या आणि रेडियम कटिंगच्या धंद्यातला आहे. गिऱ्हाइकाने लाकडी फळी आणली की आधी दोन गोष्टी बघतो. एक, कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकायचा. तो गोल मण्यासारखा उभा राहिला तर वर मेण किंवा तेल असल्याची शंका घ्यायची. लगेच पसरून मुरला तर लाकूड उघडं आहे. दोन, साधी मास्किंग टेप दाबून लावायची, झटक्यात ओढायची आणि तिची चिकट बाजू उजेडात धरून बघायची. पांढरी भुकटी, भुसा किंवा रंगाचे कण आले असतील, तर तो पृष्ठभाग स्वतःलाच धरून नाही. अक्षराला काय धरणार?

प्लायच्या फळीची गोष्ट वेगळी. उघडं लाकूड कितीही घासा, त्याला छिद्रं असतात आणि रेषांचे चढउतार असतात. गोंद फक्त उंचवट्यांवर टेकतो. मोठ्या अक्षराला तेवढी जागा पुरते, अनुस्वाराला पुरत नाही. त्यातून उघडं लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. विनाइल ओलाव्याने तसं हलत नाही. मग टोकं सुटणार नाहीत तर काय होईल?

दोन्ही परीक्षा करा आणि काय दिसलं ते इथे सांगा. मग पुढचं बोलू.

सुतारपक्षी

पाटीकार दादा, धन्यवाद. केल्या परीक्षा. मेणाच्या फळीवर थेंब मण्यासारखा उभा राहिला. मॅट ॲक्रिलिकवर थेंब हळूहळू पसरला, पण टेपवर हलकी भुकटी आली. प्लायवर थेंब मुरला आणि टेपवर भुसा आला, तोही फळी कपड्याने पुसलेली असताना.

भुसा_आणि_रंग

मग रोग कळला. आता औषध.

प्लायची फळी आधी घ्या, ती सगळ्यात सोपी. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १८०, शेवटी २२०, आणि हात कायम रेषांच्या दिशेने. त्यानंतर भुसा काढणं हे खरं काम. नुसत्या कोरड्या फडक्याने तो इकडून तिकडे जातो. ब्रश लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने किंवा जेमतेम ओलसर, धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग पाण्यावर आधारित पारदर्शक पॉलियुरेथेनचा पातळ हात द्या. पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात, फळी खरखरीत लागते. घाबरू नका. वाळल्यावर ३२० ने अलगद घासा, पुसा आणि दुसरा हात द्या. मऊ लाकूड किंवा मोठ्या छिद्रांचं लाकूड असेल तर तिसराही. फिनिश सॅटिन (मंद चमकेचं) घ्या, मॅट नको. मॅटमध्ये चमक घालवण्यासाठी जी बारीक पूड घालतात तिच्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो, आणि गोंदाला टेकायला जागा कमी मिळते. तुमच्या ॲक्रिलिक फळीचं दुखणं तेच आहे. तिलाही भुकटी पुसून वरून हेच सॅटिनचे दोन हात द्या.

मेणाच्या फळीचं काम किचकट. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने मेण पुसायचं, फडकं दर वेळी बदलायचं, नाहीतर तेच मेण परत पसरतं. चॉक पेंट मेण पिऊन बसलेला असतो, त्यामुळे सगळं निघेल याची खात्री मी देत नाही. वाळल्यावर थेंबाची परीक्षा पुन्हा करा. थेंब अजून उभा राहत असेल तर रंग घासून काढून नव्याने सुरुवात करणं मला परवडतं. खिडक्या उघड्या ठेवा, आणि ते फडके चुरगाळून डब्यात टाकू नका, पसरून वाळवा. ही सवय जवसाच्या तेलाच्या आणि ऑइल फिनिशच्या फडक्यांसाठी तर फारच जरुरीची आहे, चुरगाळलेले ते आपोआप पेटतात.

कटरवाली

वरच्या प्रतिसादाला +१. एकच भर घालते: हाताला कोरडं लागणं म्हणजे पक्कं होणं नव्हे. रंगाचा किंवा पॉलिशचा वास येतोय तोवर आतून वाफ निघत असते. तिच्यावर विनाइल लावलं तर खाली फुगे येतात, आणि लोक म्हणतात विनाइल खराब. विनाइल बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत ताज्या रंगाला निदान ३ आठवडे द्या असं असतं. मी पाण्याच्या पॉलिशला इतकं थांबत नाही, पण ऑइल पेंट किंवा तेलाचं पॉलियुरेथेन असेल तर थांबतेच.

आता शिरोरेषा. यात मशीनचा काही गुन्हा नाही. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर किंचित चढून बसतं. पडद्यावर ती एक सलग रेघ दिसते. मशीनला मात्र एकमेकांवर चढलेले दोन आकार दिसतात, आणि ते दोन्हींच्या कडा इमानदारीत कापतं. म्हणून सगळे आकार एकत्र जोडून घ्यायचे. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये याला वेल्ड म्हणतात. मी शब्द इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करते, तिथे जोडाक्षरं नीट येतात. मग पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप, युनियन, आणि एसव्हीजी फाइल म्हणून सेव्ह. काही कटिंग सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात, ती कटकटही यात वाचते.

एकदा जोडलं की शिरोरेषा आपल्या फायद्याची. अख्खा शब्द एका तुकड्यात राहतो, त्यामुळे एखादं अक्षर वाकडं बसायची सोय नाही. सुटे राहतात ते अनुस्वार, चंद्रबिंदू आणि नुक्ते. त्यांच्यासाठी फाँट जाड घ्या. मुक्ताचं जाड वजन किंवा बालू चांगले चालतात. कलम दिसायला गोड, पण लहान आकारात त्याच्या टोकांनी मी रडकुंडीला येते. मोदकमध्ये उलटी अडचण: अक्षरं गुबगुबीत, पण आतल्या फटी इतक्या बारीक की त्या उचकटताना सुईसुद्धा कंटाळते. अनुस्वार ४-५ मिलिमीटरपेक्षा लहान होत असेल तर मी सरळ त्याच्या नोड्स (आकाराच्या कडेवरचे बिंदू) ओढून तो मोठा करते. अजून कुणीही तक्रार केलेली नाही.

पाटीकार

युनियनचं बरोबर आहे. आमच्याकडे कोरलड्रॉत तेच वेल्ड.

आता लावण्याची पद्धत. टेप अक्षरांवर लावली की जुन्या प्लास्टिक कार्डाने घासा, मग सगळं उलटं करून मागच्या कागदावरूनही घासा. कागद सोडवताना टेप कागदावरून उचलू नका. पालथं ठेवून कागदच टेपवरून मागे दुमडत काढा. अनुस्वार मागे राहत असतील तर याने निम्मे वाचतात.

फळीवर मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी मारून बिजागरी करा. एक बाजू उचलायची, कागद सोलून कापायचा, मधून बाहेर घासत खाली आणायची, मग दुसरी बाजू. लांब शब्दाची रेषा यात तिरकी होत नाही. शिरोरेषा एका केसाने तिरकी असली तरी लगेच डोळ्यात येते.

लाकडावर टेप ओढताना कोपऱ्यातून, तिरकी, आणि स्वतःवरच दुमडलेली ठेवून ओढा. वर उचललीत की अक्षर गेलंच. तुमची ती पारदर्शक टेप लाकडासाठी जरा जास्तच जोराची असेल, तर लावण्याआधी दोन-तीनदा अंगातल्या सुती कपड्याला चिकटवून काढा, जोर उतरतो. कागदी ॲप्लिकेशन टेप मिळाली तर उत्तमच.

पारा १० अंशांच्या खाली असेल तर काम करू नका. गोंद थंडीत ताठरतो. पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस जातात, तोवर फळी पुसू नका आणि कडा नखाने तपासू नका.

रिकामटेकडा

आणि वरून वॉर्निश? ताईंचा तो प्रश्न राहिला.

पाटीकार

नको. आमचं साधं गणित आहे: पॉलिश खाली, विनाइल वर. चकचकीत विनाइलवर पाण्याचं पॉलिश थेंब थेंब होऊन आकसतं, आणि तेलाचं किंवा थिनरवालं मारलं तर कडा सुरकुततात. परमनंट विनाइल बाहेरच्या हवेत काही वर्षं टिकण्यासाठीच बनवतात, त्याला पांघरूण कशाला?

भुसा_आणि_रंग

इथे मी थोडा वेगळा पडतो. भिंतीवरच्या पाटीला नकोच, मान्य. पण ज्या वस्तूला सारखे हात लागतात, कपडा फिरतो, तिथे मी वरून हात देतो. अट एवढीच की विनाइल मॅट, पॉलिश पाण्याचं, पकड पूर्ण आलेली. पहिला हात फोमच्या ब्रशने इतका पातळ की ओला दिसला पाहिजे, साचला नाही पाहिजे. कडेशी साचलं की तिथेच पांढुरकी रेघ दिसते. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. पाटीकारांचं म्हणणं चूक नाही, त्यांच्या पाट्यांना कुणी रोज पुसत नाही इतकंच.

पाटीकार

पुसतात हो, दिवाणखान्यातल्या पाट्या तर झटकण्यानं झोडपतात. पण असो, मॅट विनाइलवर तुमचं चालत असेल.

चंद्रकोर

उशिरा आले. सुतारपक्षी, तुम्हाला ब्रशची सवय आहे तर विनाइल अक्षर म्हणून न ठेवता स्टेन्सिल म्हणून का वापरत नाही? काढता येणारं, कमी पकडीचं विनाइल घ्या. अक्षरं उचकटून टाका आणि भोवतालचा भाग फळीवर लावा. ठ, व, ब यांच्या पोटातले तुकडे ट्रान्सफर टेपबरोबर जागेवर बसतात, त्यामुळे पत्र्याच्या स्टेन्सिलसारखे मधे पूल ठेवावे लागत नाहीत. एकदाच वापरायचं असतं.

रंग कडेखाली झिरपू नये म्हणून आधी फळीचाच रंग किंवा पारदर्शक पॉलिश कडांवरून टिपून घ्यायचं. जे झिरपायचं ते तेच झिरपतं आणि दिसत नाही. मग अक्षरांचा रंग जवळजवळ कोरड्या स्पंजने टिपायचा, आणि रंग ओला असतानाच विनाइल सोलायचं. उघड्या लाकडावर स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) वापरून हे करू नका, स्टेन रेषांतून आत पळतो आणि कुठल्याही विनाइलला जुमानत नाही.

इस्त्रीने लावायचं विनाइलही लाकडावर बसतं, उघड्या लाकडावर तर छानच. अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी कापायची, इस्त्रीची वाफ बंद, तापमान पाकिटावर असेल ते. रंगवलेल्या फळीवर मात्र उष्णतेने रंग मऊ पडतो, आणि पाइनच्या गाठीतून राळ वर येते.

सुतारपक्षी

सगळ्यांचे आभार, खूप कळलं.

प्लायवर सॅटिन पॉलियुरेथेनचे दोन हात देऊन वाळल्यावर अक्षरं लावली. ‘आनंद’ शब्दाचा अनुस्वार मोठा केला, शिरोरेषा युनियन केली. टेप तिरकी ओढली आणि एकही अक्षर उठलं नाही. ॲक्रिलिकवालीला आज दुसरा हात दिला, ती वाळू देते आहे. मेणाची फळी टर्पेंटाइनने पुसूनही थेंब उभाच राहतो, म्हणून ती घासायला घेतली. तिच्यावर चंद्रकोर म्हणतात तसं स्टेन्सिल करून बघेन.

एक शेवटचं: प्लायवर रेषा जरा खोल आहेत तिथे विनाइल पुलासारखं वरून गेलंय, खाली बारीक पोकळी दिसते. सुईने टोचू का?

पाटीकार

टोचू नका, तो फुगा नाही. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, थोडा लांब धरून फिरवा, आणि विनाइल कोमट असताना मऊ कपडा गुंडाळलेल्या बोटाने रेषेच्या दिशेने दाबत जा. ते खोलगट भागात उतरतं. हीट गन मात्र लांबच ठेवा, विनाइल आकसून कडा मागे सरकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा दाबा. पुढच्या प्लायला दुसऱ्या हातानंतर तिसरा द्या, म्हणजे रेषा भरून निघतील.