कॅलिफोर्नियाला अंबडच्या कारखान्याचा हिशेब कशासाठी हवा?

प्रश्न : अंबडकर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा व्हॉल्व्हचे सुटे भाग तयार करण्याचा कारखाना आहे. अमेरिकेतील विक्रीसाठी आम्ही डेलावेअरमध्ये नोंदलेली, शंभर टक्के आमच्याच मालकीची उपकंपनी काढली असून तिचे गोदाम कॅलिफोर्नियात आहे. येथून जाणाऱ्या मालाचे बीजक आमचे सीए ट्रान्स्फर प्रायसिंगच्या नियमांनुसार, म्हणजे परक्या ग्राहकाला लावला असता त्याच भावाने करतात. असे असूनही तिकडच्या सीपीएने (म्हणजे तिथल्या सीएने) उपकंपनीच्या राज्य विवरणपत्रासाठी नाशिकच्या कारखान्याचा नफातोटा आणि जगभरातील विक्रीचे आकडे मागितले आहेत. मूळ कंपनीचे तेथे कार्यालय नाही, माणूस नाही. शिवाय दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. मग एका राज्याला हा अधिकार कोठून आला?

उत्तर : सातपूरचा हिशेबनीस

करारापासून सुरुवात करू. १९८९ च्या भारत-अमेरिका करारात अमेरिकेच्या बाजूने केंद्रीय आयकर येतो, राज्यांचा आयकर येत नाही. त्यामुळे 'कायमस्वरूपी आस्थापना नाही', म्हणजे तिथे आमचे कार्यालय किंवा माणूस नाही, हा मुद्दा कॅलिफोर्नियापुढे चालत नाही. आपल्याकडे शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर केंद्राकडेच असल्याने नाशिक आणि वापी येथील शाखांचा नफा कोणत्या राज्याचा, हा वाद आयकरात कधी उभाच राहत नाही. म्हणून हा प्रकार आपल्याला चमत्कारिक वाटतो.

तिकडे हा वाद जुना आहे. शिकागोच्या बटलर ब्रदर्स या घाऊक व्यापारी कंपनीने १९३५ साली आपल्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत सुमारे ८३ हजार डॉलरचा तोटा दाखवला. संपूर्ण कंपनीला मात्र साडेअकरा लाख डॉलरच्या आसपास नफा होता. एकत्रित खरेदीमुळे मिळणारा स्वस्त भाव हा सर्व शाखांनी मिळून कमावलेला असतो, तो एका शाखेच्या वहीत दिसत नाही, अशी कॅलिफोर्नियाची भूमिका होती. राज्याने एकूण नफ्याचा सुमारे आठ टक्के भाग सूत्राने, म्हणजे एकूण धंद्यातला आपल्या राज्याचा वाटा मोजून, आपल्याकडे ओढला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४२ मध्ये ते मान्य केले. पुढे १९८३ च्या कंटेनर कॉर्पोरेशन खटल्यात परदेशी उपकंपन्या आणि १९९४ च्या बार्कलेज खटल्यात परदेशी मूळ कंपनीसुद्धा या हिशेबात आली.

तेव्हा साहेब, कर भरणारी आपली उपकंपनीच आहे. नाशिकचा नफा केवळ मोजमापासाठी घेतला जातो. जीएसटीत एकाच पॅनवरील दोन राज्यांतील नोंदण्या भिन्न व्यक्ती मानून आपल्याच गोदामाला पाठवलेल्या मालावर कर लागतो. कॅलिफोर्निया नेमके उलटे करून दोन कंपन्यांना एक मानते आणि त्यांच्यातले बीजक कितीही चोख असले तरी रद्द समजते.

काल्पनिक आकडे घेऊ. समूहाची बाहेरच्यांना विक्री २०० कोटी, नफा २० कोटी, कॅलिफोर्नियातील विक्री १० कोटी. प्रमाण पाच टक्के, म्हणून १ कोटीवर ८.८४ टक्के दराने ८ लाख ८४ हजार रुपये कर. एकट्या उपकंपनीचा हिशेब केला, तिची अमेरिकेतील विक्री ४० कोटी आणि नफा ६० लाख धरला, तर चौथा हिस्सा म्हणजे १५ लाख आणि त्यावर १ लाख ३२ हजार ६०० रुपये.

उत्तर : गंगापूर रोड

हिशेबनीस साहेबांचे गणित बरोबर आहे, पण त्यात जो अन्याय आहे त्यावर ते फार सौम्यपणे बोलले. राज्यांनी स्वीकारावा म्हणून १९५७ मध्ये तयार झालेल्या आदर्श कायद्यात राज्याचा वाटा ठरवताना मालमत्ता, पगार आणि विक्री या तिन्हींना समान वजन होते. अंबडची यंत्रे आणि कामगार त्यात मोजले गेले असते आणि कॅलिफोर्नियाचे प्रमाण पाच टक्क्यांऐवजी दोन टक्क्यांच्या आसपास आले असते. आयोवा राज्याचे केवळ विक्रीवर आधारलेले सूत्र १९७८ मध्ये न्यायालयाने वैध ठरवल्यावर एकामागून एक राज्ये तिकडे वळली. कॅलिफोर्नियात २०१३ पासून बहुतेक उद्योगांना तेच लागू आहे. आपल्या राज्यात कारखाना काढणाऱ्याला सवलत आणि बाहेरून माल आणून विकणाऱ्यावर बोजा, असा हा सरळ हिशेब आहे.

तरीही जुने सूत्र आपल्यासारख्यांना पूर्णपणे न्याय्य होते असे मी म्हणणार नाही. पगार डॉलरमध्ये मोजल्यावर येथल्या पन्नास कामगारांचे वजन तिकडच्या मोजक्या माणसांएवढेच भरते. परदेशातील कमी मजुरीचा हाच मुद्दा कंटेनर कॉर्पोरेशननेही मांडला होता. न्यायालयाने तो ऐकून घेतला आणि सूत्र कायम ठेवले.

अंबडकर

दोघांचेही आभार. आणखी एक शंका आहे. दिंडोरीच्या एका वाइनरी कंपनीचे बहुसंख्य भाग माझ्याकडे आहेत. तिचा नफाही यात धरला जाईल का? आणि यातून बाहेर पडण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर : सातपूरचा हिशेबनीस

केवळ मालकी समान असून भागत नाही. व्यवस्थापन, खरेदी, अर्थपुरवठा, माणसे यांतून एका धंद्याचा दुसऱ्याला खरोखर हातभार लागत असेल तरच तो एक उद्योग ठरतो. १९९२ च्या अलाइड-सिग्नल खटल्यात न्यू जर्सीला याच कारणाने माघार घ्यावी लागली. वाइनरीचा हिशेबनीस, बँक मर्यादा आणि संचालक वेगळे असतील तर काळजी नको. मात्र कारखान्याच्या कर्जाला वाइनरीची जमीन तारण असेल, किंवा दोन्हीकडे एकच खरेदी विभाग असेल, तर तिकडच्या अधिकाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते.

बाहेर पडण्याचा मार्ग कॅलिफोर्नियाच्याच कायद्यात आहे. परदेशी सरकारांनी, विशेषतः ब्रिटनने, तगादा लावल्यावर १९८६ मध्ये राज्याने 'वॉटर्स एज'चा पर्याय दिला. त्यात हिशेब अमेरिकेच्या हद्दीपाशी थांबतो आणि मूळ कंपनीचा स्वतःचा अमेरिकेत धंदा नसेल तर नाशिकचे आकडे वगळले जातात. हा पर्याय मुदतीत भरलेल्या मूळ विवरणपत्रासोबतच निवडावा लागतो आणि एकदा निवडला की ८४ महिने बांधून घेतो. म्हणून घाई करू नका. नवे यंत्र घेऊन पुढील दोन-तीन वर्षे नाशिकला तोटा दिसणार असेल तर जागतिक हिशेबच तुम्हाला स्वस्त पडेल. सीपीएला दोन्ही पद्धतींचे पाच वर्षांचे अंदाज मांडायला सांगा, आणि त्यासाठी त्याने मागितलेले आकडे त्याला द्या.